दिलावरसाठी दहा नंबरचे बूट

४ एप्रिल १९४८, रविवार. सांगली.

तीन गाड्या बदलून काल पोचलो. एक महिन्याची रजा, ३ मेपर्यंत. जबलपूरच्या मिलिटरी मेसमध्ये सहा वर्षं झाली, पण एवढी रजा कधी मागितली नव्हती. मागितली होती, मिळाली नव्हती. आक्काकडे उतरलोय. कराडजवळ मलकापूरला घरी दोन दिवसांनी जाईन, तिथं थोरल्या भावाची बोलणी खायची घाई नाही.

संध्याकाळी नदीच्या वाळवंटात फुटबॉल बघितला. आक्काच्या शेजारचा बादशहाचाचा पिंजारी, त्याचा पोरगा दिलावर खेळत होता. वय अठरा. अनवाणी. वाळूत असा पळतो की खाली फरशी घातलीय म्हणावं. दोन गोल उजव्या पायानं, दोन डाव्यानं. पाचवा कशानं ते दिसलं नाही, मी बिडी पेटवत होतो.

पेपरात आलंय की जुलै-आगस्टात लंडनला ऑलिंपिक आहे आणि भारताची टीम जाणार आहे. टीम म्हटल्यावर सेंटर फॉरवर्ड लागणार. मेसमध्ये सहा वर्षं साहेब लोकांचा फुटबॉल जवळून पाहिलाय, बॉलमध्ये हवा मीच भरायचो. मला पारख आहे.

ठराव केला. बिडी बंद आणि दिलावर लंडनला. दोन्ही आजपासून.

५ एप्रिल, सोमवार.

रिपोर्ट लिहायला घेतला. मिलिटरीत रिपोर्टशिवाय काही हलत नाही. उंची दारावर खडूनं मोजली. वजनाला दाजींच्या वखारीत नेलं. दाजी हळदपेठेत तोलाईला असतात. दिलावरला हळदीच्या काट्यावर बसवला. दीड मणाला दोन शेर कमी. दाजी म्हणाले, लाला, आता तू बस पारड्यात, तुझी अक्कल किती शेर भरते ते बी बघू. हमाल हसले. मी लक्ष दिलं नाही. दिलावर पिवळा होऊन घरी गेला. आक्का मला म्हणाली, आरं, पोराला हळद लावून आलास, नवरी कुठाय.

रिपोर्टात लिहिलं: पाय चांगला. पळणं लय चांगलं. स्वभाव गरीब. लंडनला पाठवणे.

बिडी एकच. तीही दाजींनी दिली म्हणून.

७ एप्रिल, बुधवार.

कोल्हापूरहून बाळासो म्हणून एक इसम आला. तालमीची फुटबॉल टीम चालवतो. पान खाऊन बोलतो. बादशहाचाचाला म्हणाला, पोरगं आमाला द्या, तालमीत ऱ्हाईल, दोन वेळ जेवण, शेरभर दूध, आणि आमच्या वळखीच्या मिलमध्ये कायमची नोकरी. पंचवीस तारखेला सांगली-मिरज मॅच हाय, तिथं एकदा डोळ्यानं बघतो आन् बरोबरच घेऊन जातो.

चाचाच्या हातातलं पिंजण थांबलं. आता मशिनीवर कापूस पिंजून मिळतो, गाद्या शिवायला कोण येत नाही. चाचा म्हणाला, मिलची नोकरी म्हंजे नशीबच म्हणायचं.

मी मध्ये पडलो. म्हटलं, बाळासो, लंडनला जाणारा गडी तालमीत कुस्तीगिरांच्या पंगतीला बसत नसतो. बाळासोंनी विचारलं, तुमी कोण. मी सांगितलं, जबलपूर मिलिटरी. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. सहा वर्षं सोड्याच्या पाण्यात भांडी घासून हात पांढरे पडलेत. माणूस हलका आहे.

नंतर दिलावरनं विचारलं, लालादा, खरंच लंडन? मी म्हटलं, तुझ्यावर रिपोर्ट चाललाय. तो बॉल पायाशी घोळवत राहिला. मग म्हणाला, तुमी म्हणाल तसं. जबलपूरला सहा वर्षांत माझ्यावर एवढा भरवसा कुणी ठेवला नव्हता.

१० एप्रिल, शनिवार. पाडवा.

आज शुभ दिवस बघून बूट काढले. कॅप्टनसाहेब विलायतेला गेले तेव्हा मला प्रेमानं देऊन गेले. म्हणजे कचऱ्याच्या पेटीत ठेवून गेले, तिथून मी घेतले. अस्सल फुटबॉलचे बूट, खाली पकडीसाठी चामड्याच्या गुड्या. नंबर दहा. दिलावरचा पाय सहा. त्यात अडचण काय. चाचाच्या घरी कापूस भरपूर. पुढं मूठभर, टाचेला मूठभर, बाजूंना भरला की दहाचा सहा होतो.

दिलावरनं दोन किका मारल्या आणि म्हणाला, लालादा, बॉल पायाला कुठं लागला कळत न्हाई. पायाला ऐकूच येत न्हाई.

मी समजावलं. लंडनला थंडी असते. तिथं अनवाणी माणसाला ग्राउंडवर घेत नाहीत. मी सहा वर्षांत ग्राउंडवर एकही अनवाणी माणूस बघितला नाही, मी सोडून.

चाचा म्हणाला, व्हय रं लाला, ह्ये पोरगं माझ्या कापसाच्या चेंडूवर अनवाणीच शिकलं, आता त्येलाच कापूस भरतोस व्हय. म्हातारा चांगला आहे पण जग पाहिलेलं नाही.

१४ एप्रिल, बुधवार.

प्रॅक्टिस जोरात. सकाळी बूट, संध्याकाळी बूट. टाचेला फोड आले, हे चांगलं लक्षण आहे. चामडं पायाला ओळखायला लागलं. आज नऊ किकांत एक गोल. मागच्या आठवड्यात नऊपैकी आठ व्हायचे, पण ते देशी गोल होते.

मलकापूरला जायचं राहिलं. मोठ्या कामात घर मागं पडतंच.

दिलावरला एक गोष्ट सांगितली नाही. टीमबरोबर बॉलमध्ये हवा भरायला कुणीतरी जाणारच. साहेब लोक मला म्हणायचे, गुड पंपिंग लाला. लंडनला गेलो की मी इथलं पाणी दहा वर्षांत विसरेन बहुतेक.

बिडी चार. ठराव तसा मोडला नाही, पुढं ढकलला.

२१ एप्रिल, बुधवार. सातारा.

रिपोर्टावर शिक्का पाहिजे. शिक्क्याशिवाय कोण वाचतो. सकाळच्या मोटारीनं साताऱ्याला आलो. एका सरकारी कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, कशाचा शिक्का. म्हटलं, सेंटर फॉरवर्डचा. त्यानं शेजारच्या कारकुनाला हाक मारली, मग त्यानं तिसऱ्याला. तिघांनी रिपोर्ट वाचला. म्हणजे वाचला गेला, हेही कमी नाही. मग म्हणाले, जन्ममृत्यूचा असता तर मारला असता.

शेवटी राजवाड्याजवळ एका फोटो स्टुडिओवाल्यानं मारला. गोल शिक्का, निळा, बघायला सरकारीच. रिपोर्ट पोस्टात टाकला. पत्ता: फुटबॉल सिलेक्शन साहेब, कलकत्ता. कलकत्त्यात फुटबॉल म्हटल्यावर कुणीही सांगेल.

येताना मोटार कराडवरून आली. मलकापूर खिडकीतून दिसलं.

२५ एप्रिल, रविवार. दुपारी ३.

मॅचला निघतोय. बाळासो आलेत, पहिल्या रांगेत बसलेत. आज त्यांना मिलिटरी ट्रेनिंग काय असतं ते दिसेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

सगळं लिहितो. पुढं कुणी चौकशी केली तर उपयोगी पडेल.

पहिल्या हाफात दिलावर तीन वेळा पडला. लोक म्हणाले, लग्नाचे बूट घातलेत. मग आपल्याला पेनल्टी मिळाली. दिलावर मारणार. धावत आला, मारली, आणि उजवा बूट पायातून निघून गोलकडं गेला. मिरजेच्या गोलकीपरनं बूट झेलला. बॉल होता तिथून दोन हात सरकला. मी रेफ्रीला जाऊन सांगितलं की बूट लायनीच्या आत झेललाय. त्यानं ऐकलं नाही.

मग दिलावरनं माझ्याकडं न बघता दुसरा बूटही काढून फेकला. अनवाणी झाला. पुढची दहा मिनिटं लिहायलाच पाहिजेत. मिरजेचे गडी उभेच राहिले. हा त्यांच्यामधून असा गेला की जसं कुणी घरात स्वयंपाकघरातून ओसरीवर येतं. गोल. पब्लिक उठलं. बाळासो पान थुंकून उभे राहिले आणि चाचाला म्हणाले, ठरलं, आजच घेऊन जातो.

आज कोल्हापूरला गेला म्हणजे लंडन गेलं.

हाफटाइमला मी दिलावरला बाजूला घेतला. म्हटलं, गड्या, इथं टाळ्या मिळतील, तिथं रिपोर्ट रद्द होईल. तो म्हणाला, लालादा, एवढीच मॅच अनवाणी खेळू द्या. मी म्हटलं, मग मी जबलपूरला तोंड कसं दाखवू. त्यानं पाय पुढं केले. बूट परत निघू नयेत म्हणून चाचाची गादी शिवायची सुतळी आणली होती, ती घोट्याभोवती आवळून बांधली. तीन वेढे. गाठ चांगली बसली.

दुसऱ्या हाफात पाचव्या मिनिटाला तो वळला. बुटाच्या गुड्या मातीत रुतल्या होत्या. बूट हलला नाही. सुतळी निघाली नाही. गुडघा फिरला.

आवाज मला लायनीवर ऐकू आला.

दाजींनी आणि चौघांनी हळदीच्या पोत्यावर घालून घरी आणला. बाळासो थोडा वेळ थांबले. मग मिरजेच्या लेफ्ट आउटशी बोलत बसले.

२७ एप्रिल, मंगळवार.

गुडघा थोडा सुजलाय. कलिंगडाएवढा. मोठ्या खेळाडूंना असं होतंच. हाड बसवणाऱ्याला आणलं, त्यानं पट्ट्या बांधल्या आणि चाचाला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. ऑलिंपिकला तीन महिने आहेत. हिशेबानं बसतं.

मिरजेचा पोरगा कोल्हापूरला गेला. मिलमध्ये लागला म्हणे.

चाचा माझ्याशी बोलत नाही. पिंजतो. आक्का म्हणाली, लाला, त्यांच्याकडं जाऊ नगंस काही दिस. मी म्हटलं, मी काय केलं. आक्का भाकरी थापत राहिली.

बिडी मोजली नाही.

२ मे, रविवार.

निघालो. दिलावर अंगणात बसला होता, पाय पुढं लांब. म्हणाला, लालादा, कलकत्त्याचं पत्र आलं का. म्हटलं, येईल. बूट त्याच्याकडंच ठेवले, बरा झाला की लागतील. दाजी स्टेशनपर्यंत आले. काहीच टोमणा मारला नाही, तेवढं बरं वाटलं नाही.

९ मे, रविवार. जबलपूर.

गाडी चुकली त्यामुळं तीन दिवस उशीर. मेस हवालदारानं मला मोठ्या भांड्यांवर घातलं. ठीक आहे. मोठी जबाबदारी.

२२ जून, मंगळवार.

टीमची नावं इंग्रजी पेपरात आली. मेसच्या क्लार्कला वाचायला लावली. दिलावर नाही. परत वाच म्हटलं. नाही. रिझर्व्हमध्ये असेल. रिझर्व्हची नावं सगळी छापत नसावेत, जागा नसते.

कॅप्टनसाहेबांना पत्र लिहिलं. पत्ता: कॅप्टनसाहेब, लंडन.

२ आगस्ट, सोमवार.

क्लार्कनं पेपर वाचला. फ्रान्सशी मॅच झाली. आपण एकला दोननं हरलो. दोन पेनल्ट्या आपल्याला मिळाल्या, दोन्ही हुकल्या. मी म्हटलं, बघ, दिलावर असता तर. क्लार्क म्हणाला, कोण दिलावर.

मग त्यानं पुढची ओळ वाचली. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले. विलायतेचं पब्लिक बघत राहिलं.

मी म्हटलं, नीट वाच. त्यानं परत वाचलं. तेच.

छापायची चूक असेल.

१० आगस्ट, मंगळवार.

काल नागपंचमी होती, लक्षातही राहिली नाही. आज सांगलीहून पार्सल आलं. बूट. आत पत्र, दिलावरनंच लिहिलंय, चार इयत्तांचं अक्षर.

लालादा, तुमचे बूट पाठवतो. माझा गुडगा आता वाकत न्हाई. पाय बाजूला ताठ ठेवून आब्बाबरोबर पिंजायला बसतो, हात चांगला बसलाय. आब्बा म्हणत होते बुटातला कापूस काढून घे, पण मी ऱ्हावू दिला. तुमचा पाय बी लहानच हाय. इथं दाजी सांगतात पेपरात आलंय आपले गडी तिथं अनवाणी खेळले. आब्बांनी इचारलं, खरं का खोटं. मी म्हटलं लालादाला माहीत असंल. तेवढं कळवा.

लगेच कार्ड घेतलं. लिहिलं: प्रिय दिलावर, पेपरवाल्यांचं खोटं आहे. पुढं सुचेना. खोडलं. दुसरं कार्ड घेतलं. प्रिय दिलावर. तेवढंच झालं.

बूट घातले. कापसासकट अगदी बरोबर बसले. भांडी घासायला गेलो तर हवालदार म्हणाला, मसालची लोकांनी बूट घालून मोरीत उतरायचं नाही, काढ.

काढले. कोपऱ्यात ठेवले. अनवाणीच घासली.