घरातला जपानी माणूस

९ जानेवारी
माझ्या लेकीच्या, स्वराच्या शाळेत गॅदरिंग. पाचवीच्या मुली जपानी डान्स करणार. किमोनो म्हणून आयांच्या जुन्या मॅक्स्या पुढून कापायच्या, अंबाड्यात विणायच्या सुया खोचायच्या. भावना मॅडमनी हे हसत हसत सांगितलं. ऐकूनच थकलो. जालन्यात जन्म गेला, तरी भाजी मंडईत अजून कोणी नेपाळी म्हणतं, कोणी चायना. तेव्हा हसायचं, आणि आता आमचेच कपडे घालून नाचायचं. याला कल्चरल अप्रोप्रिएशन म्हणतात. माझी आई जपानी, म्हणजे निम्मा हक्क माझा. उद्या लेखी निषेध.

१० जानेवारी
निषेध राहिला. आधी आईच्या कानावर घालावं म्हटलं, तिला वाईट वाटेल. ती संक्रांतीचे तीळ भाजत होती. म्हणाली, "नाचू दे की. पोरीच हायेत." बाबा बियाण्यांच्या कंपनीतून ट्रेनिंगला जपानला गेले आणि तिला घेऊन आले. लग्नात त्यांनी तांदळात अंगठीने 'शैला' लिहिलं, तेव्हापासून काझुए म्हणून तिला कोणी हाक मारलेली नाही. मी म्हटलं, हाही तुझ्यावर अन्यायच. ती म्हणाली, सरक, तीळ करपतील.
म्हणजे घरात ही बाजू सांभाळायला मी एकटाच.

१२ जानेवारी, सकाळ
ठराव: रोज अर्धा तास जपानी, मोबाइलवर. जपानीत निषेध केला तर वजन पडेल.

संध्याकाळ
लाइट नव्हती. मोबाइल बंद.

१३ जानेवारी
'पाणी द्या' शिकलो. आईला म्हणून दाखवलं. तिने पाणी आणलं आणि मराठीत विचारलं, माठातलं चालेल ना. उच्चार चांगला असणार, पाणी आलं.

१७ जानेवारी
मॅडमना भेटलो. स्पष्टच बोलणार होतो, पण त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, "सर, आमचं काही चुकून राह्यलं असंल तर तुम्हीच बराबर करून द्या." इतक्या वर्षांत गावात असं कोणी मला विचारलेलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. निषेधापेक्षा मार्गदर्शन जास्त परिणामकारक असतं, म्हणून सल्लागार व्हायचं मान्य केलं. गाणं ऐकवलं. अस्सल वाटलं, लगेच पास केलं.
संध्याकाळी स्वरा घरी तेच गुणगुणत होती. आई म्हणाली, हे कोरियन आहे.

१८ जानेवारी
आता गाणं बदलायला वेळ नाही. एकंदर आशियाई भावना महत्त्वाची.

२३ जानेवारी, दुपार, शाळेत
स्टेजच्या मागे नुसता गोंधळ. कोणाच्या मॅक्सीची डावी बाजू वर, कोणाची उजवी. मॅडमनी विचारलं, बरोबर कोणतं? सगळ्या आया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. या तोंडवळ्याचा आजवर पहिल्यांदा उपयोग झाला. लहानपणी एकदा जपानला गेलो होतो. आजीचा पांढरा किमोनो अजून डोळ्यासमोर आहे. उजवी बाजू वर. एकेका आईला सांगून तशीच घ्यायला लावली, स्वराची मीच बसवली. माझी आई पहिल्या रांगेत बसली आहे. आज तिला कळेल.

२४ जानेवारी
काल आई नाच संपेपर्यंत टाळ्या वाजवत होती. मॅडमना लई छान झालं म्हणाली. घरी आल्या आल्या मात्र आधी स्वराची मॅक्सी उतरवली. आज सकाळी मीच विचारलं, किमोनो कसे वाटले.
ती म्हणाली, "उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात. तू आजीला येकदाच बघितलंस. पेटीत ठेवली व्हती तिला."
मी म्हटलं, मग नाच थांबवायचा ना.
"स्वराला तशी बघितली आन काळजात धस्स झालं. उठले व्हते. पण पोरी इतक्या खुशीत नाचत व्हत्या, मंग बसले."
खूप वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, बरोबर कसं असतं ते एकदा दाखव, मी लक्षात ठेवीन.
आईने माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. डावी बाजू वर. बटणं रोज मीच लावतो.