सशाच्या आवाजाची शिट्टी

बफलो, वायोमिंग
६ मे

प्रिय एमेटदादा,
सा. न. वि. वि.

क्लेट गेल्यानंतरचा, नवऱ्याशिवायचा हा माझा पहिलाच कोकरांचा हंगाम, आणि कायोटी कोल्हे हात धुऊन माझ्या मागे लागलेत. कालही एक कोकरू मेलेलं सापडलं. आता मीच बंदूक घेऊन टपून बसणार आहे. रायफल कोणत्या बोअरची घेऊ आणि त्यांना जवळ बोलवायला शिट्टी कोणत्या आवाजाची, ते कळव.

शेजारचा ऑरिन म्हणतो, थर्टी-ऑट-सिक्सची मोठी रायफलच हवी, ती काही तुला झेपायची नाही, तू घरात बस, मी बघतो. वर बजावून गेला की सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवायची नाही, कायोटीच्या ओरडण्याचीच वाजवायची. हा माणूस एरवी हवापाण्यावरसुद्धा बोलत नाही. माझ्या कुरणावर त्याचा डोळा आहे, दुसरं काय!

बाकी ठीक. क्लेटचा कुत्रा डच हल्ली दिवसभर ओसरीवर झोपून असतो. त्यालाही धन्याची आठवण येत असावी. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तर लवकर धाड.

तुझी,
व्हेल्डा

---

ओगालाला, नेब्रास्का
११ मे

प्रिय व्हेल्डा,
अनेक आशीर्वाद.

थर्टी-ऑट-सिक्स एल्कसारख्या मोठ्या हरणासाठी असते, बाई. कायोटीला टू-ट्वेंटी-थ्री पुरते, पण तुमच्याकडच्या वाऱ्यात ती हलकी गोळी भरकटेल. टू-फॉर्टी-थ्री घे. खांद्याला धक्का कमी आणि गोळी सरळ जाते. लहानपणी माझ्या बंदुकीनं तू पाठीवर पडली होतीस, तसं होणार नाही.

शिट्टी जखमी सशाचीच घे. ती ऐकून मांस खाणारं जे असेल ते धावत येतं, कुत्रेसुद्धा. मग ऑरिनला ती का नको? मला त्याच्या कुत्र्यांचाच संशय येतो. पुढचं कोकरू नीट बघ. कायोटी गळा धरतो आणि खाऊन जातो. कुत्रा मागून फाडतो आणि टाकून देतो.

काय दिसलं ते लिही. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
एमेटदादा

---

बफलो
२० मे

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

आणखी एक कोकरू मेलं, तेव्हा नीट बघितलं. गळ्याला दातही लागला नव्हता. मांड्या फाडलेल्या, खाल्लेलं काही नाही. मला रागापेक्षा आनंदच झाला, ऑरिन सापडला म्हणून. तू सांगितलेली रायफल आणली आणि उजाडताना त्याच्या कुंपणाकडे तोंड करून सशाची शिट्टी वाजवली.

कुंपणाकडून कोणी आलं नाही. माझ्या पाठीमागून, घराच्या बाजूनं, डच आला. तोंडाला रक्त होतं आणि दातांत लोकर. मला बघून शेपटी हलवायला लागला.

मेंढरांची चटक लागलेल्या कुत्र्याला आपल्याकडे मालकानंच गोळी घालायची असते. क्लेट असता तर त्यानं घातली असती. मी घातली. डचला काही कळलंसुद्धा नाही.

आवाज ऐकून ऑरिन फावडं घेऊन आला. त्यानं डचला कोकरावर आधीच पाहिलं होतं. म्हणाला, क्लेटचा कुत्रा तुझ्या हातून जायला नको होता, म्हणून त्याला ओढून आणणारी ती शिट्टी नको म्हणालो; मीच त्याला गोळी घालून कायोटीचं नाव सांगणार होतो. मग त्यानं एकट्यानं खड्डा खणला. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं, त्याची मला फार लाज वाटते.

रायफल तू बरोबर निवडलीस, दादा. खांद्याला धक्का बसलाच नाही. जमलं तर चार दिवस येऊन जा. ओसरीवर मला एकटीला बसवत नाही.

तुझी,
व्हेल्डा