आत ओढलेला हो

११ ऑगस्ट, मंगळवार

स्टाफानचा फोन आला! अखेर. क्लबचा नवा मॅनेजर जुलैपासून खुर्चीत बसलाय आणि मी तेव्हापासून या फोनची वाट बघतोय. आला तोही कुठे, तर मी धक्क्यावर पालथा पडून लेकीसाठी, तूवासाठी, खेकडे काढत होतो तेव्हा. वारा असा की टोपी गेली.

"मॅटिस, करार नोव्हेंबरात संपतोय. अजून एक वर्ष खेळायचं मनात आहे का?"

मी हो म्हटलं. तो थोडा थांबला. मग म्हणाला, "बरं. बरं. कळलं." ठेवला फोन. संपलं. सोळा वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत मधोमध उभा आहे मी, त्यातली सहा इथे तोरेकुल्लात, आणि सतरावं वर्ष एका श्वासात मिळालं. चौतीस वर्षांच्या स्टॉपरला आणखी काय हवं? तूवाला पाच खेकडे मिळाले. सगळे परत सोडले.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

बाबांना फोन, वर उत्तरेला, उमेओला. सांगितलं, अजून एक वर्ष. त्यांनी आमच्याकडचा हो म्हटला, म्हणजे श्वास आत ओढून, "श्शूप". बस्स. मुलाच्या कारकिर्दीवर यापेक्षा लांब भाषण त्यांनी कधी केलेलं नाही. मीही श्शूप केलं. तूवा शेजारी हसून लोळली. म्हणते, आजोबा आणि तू म्हणजे दोन व्हॅक्यूम क्लीनर.

इथल्या दक्षिणेच्या लोकांना सुरुवातीला वाटायचं मला दमा आहे. संघातला अदमीर तर पहिल्या वर्षी पाण्याची बाटली घेऊन धावत आला होता. आता सगळ्या संघाला सवय झाली.

बायकोला, यल्वाला, सांगितलं होतं मंगळवारीच. "एक वर्ष फक्त," म्हटलं. ती म्हणाली, "हं." दिवसभर इस्पितळात उभी असते, दमलेली होती.

२९ ऑगस्ट, शनिवार

अदमीरकडे झिंग्यांची मेजवानी, ऑगस्टात इकडे असतेच ती. कागदी टोप्या, गळ्यात बिब, सगळी मोठी माणसं बाळांसारखी. अदमीर माझ्याबरोबर बचावफळीच्या मधे खेळतो. पाच वर्षं तो ओरडतो आणि मी उडी मारतो, अशी वाटणी आहे. बायकोला म्हणाला, "मॅटिसला डोकी जास्त घाल ताटात, त्याला डोक्याचीच आवड." सगळे हसले. यल्वा नाही हसली.

स्टाफान तिच्या शेजारी बसला होता. मी गेलो तर दोघं गप्प. स्टाफाननं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "तू फार दिलंस या क्लबला." दिलंस? अजून देतोय की! पण झिंगे खाताना माणूस व्याकरणाकडे बघत नाही.

६ सप्टेंबर, रविवार

काल कॉर्नरला त्यांच्या राक्षसाच्या कपाळावर माझं कपाळ. पाच टाके. डोक्याला या वर्षातला तिसरा मार. सामना आम्ही १–० नं जिंकलो म्हणतात. उत्तरार्ध मला आठवत नाही, पण जिंकलो तर आठवायचं कशाला? डॉक्टरनं विचारलं, वार कोणता. शनिवार म्हटलं. शनिवारच होता. सामने शनिवारीच असतात.

१५ सप्टेंबर, मंगळवार

बेंचवर. खबरदारी म्हणे. क्रिस्टर कोच चांगला माणूस, पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की बुटांच्या नाड्या बघतो. विचारलं, पुढच्या सामन्यात आहे का मी? नाड्यांकडे बघून म्हणाला, "बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते पोरांनाही कळतं. मी स्वतः तूवाला कुत्रा घ्यायचा का यावर तीन वर्षं 'बघू' म्हणतोय.

२४ सप्टेंबर, गुरुवार

यल्वानं दोनदा विचारलं, डोकं दुखतंय का. नाही म्हटलं. दुखत होतं.

३ ऑक्टोबर, शनिवार

हरलो ३–०. मी जाड कोट घालून, गुडघ्यावर चादर घेऊन नव्वद मिनिटं बसलो. दुसरा गोल तर डोळ्यांदेखत. त्यांचा पोरगा पाठीमागून येतोय हे मला दिसतंय, स्टॅंडमधल्या म्हाताऱ्यांना दिसतंय, अदमीरला दिसत नाहीये. मी ओरडलो. कृत्रिम गवतावर पावसाचा आवाज, त्यात काय ऐकू जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार याहून वेगळा काय असतो? आपण जे काम आयुष्यभर शिकलो ते पंधरा पावलांवर चुकीचं होतंय आणि आपल्या मांडीवर चादर!

कराराचा कागद अजून आला नाही. आठ आठवडे होत आले. विचारावं का? नाही विचारणार. आमच्या घरात दुसरा बटाटासुद्धा कुणी मागून घेतला नाही. वाढला तर खायचा. अठराव्या वर्षी तरुणांच्या राष्ट्रीय संघात नाव आलं, दोन सामने बेंचवर बसलो, तेव्हाही विचारलं नाही मला कधी उतरवणार. नाहीच उतरवलं. त्याचं दुःख आजही आहे, खोटं कशाला बोलू. पण विचारलं असतं आणि नाही ऐकलं असतं तर? ते जास्त.

१० ऑक्टोबर, शनिवार

सरावाला एक फिन्निश माणूस आला. चोवीस वर्षांचा, कपाटाएवढा. नाव रिस्तो. स्टॉपर. स्टाफान त्याला सगळं दाखवत फिरत होता. न्हाणीघर, कॉफीचं यंत्र. माझ्या कपाटापाशी आल्यावर दोघं पटकन पुढे सरकले.

अदमीर म्हणाला, "दोन स्टॉपर हवेतच की. माझं वय झालं, मला काढतील." माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे गाढव. दया दाखवताना त्याला खोटं नीट बोलता येत नाही.

संध्याकाळी यल्वाला रिस्तोबद्दल सांगितलं. म्हणाली, "मघाशी जेवताना सांगितलंस हे." सांगितलं असेल. दिवसभर डोक्यात तोच आहे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

बेकरीत पाव घ्यायला उभा होतो. गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या, "फार वाईट वाटलं हो वाचून. पण बरोबर वेळी थांबतोयस." वर एक दालचिनीचा बन फुकट दिला.

काय वाचून?

गावच्या पेपरात पान नऊ. माझा फोटो, तोंड उघडं, हेडर मारताना. 'मॅटिसनं स्वतःहून थांबायचं ठरवलं. ७ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर निरोप.'

स्वतःहून! बन हातात तसाच. गाडी कुठे लावली तेही सुचेना, घरी चालत आलो.

२१ ऑक्टोबर, बुधवार

स्टाफानच्या खोलीत गेलो. बसलो नाही.

"मी कधी म्हटलं थांबतो?"

तो लाल झाला. "फोनवर. ऑगस्टमध्ये. मी विचारलं, मनात आहे का, आणि तू..."

"आणि मी हो म्हटलं!"

"मला काहीच ऐकू आलं नाही, मॅटिस. वारा होता. एक उसासा ऐकू आला फक्त. मला वाटलं, बिचाऱ्याला बोलवत नाहीये. म्हणून पुन्हा विचारलं नाही."

उसासा! सोळा वर्षं या देशाच्या दुसऱ्या विभागात मी डोकं फोडून घेतलं आणि माझा हो उसासा ठरला. समोर बसलो असतो तर त्याला दिसलं असतं, भुवया वर जातात, मान हलते. फोनवर काय दिसणार? आणि त्याला पुन्हा विचारणं बरं वाटलं नाही. मला कागद मागणं बरं वाटलं नाही. दोन सभ्य माणसं अडीच महिने कॉफीच्या यंत्रापाशी एकमेकांना 'थंडी पडली' म्हणत राहिली!

म्हटलं, मग आता दे करार. तो खिडकीकडे बघू लागला. रिस्तोनं सोमवारीच सही केली. जागा एकच होती. कानामागून आला आणि तिखट झाला, पण त्या पोराचा काय दोष? "मी काहीच करू शकत नाही," स्टाफान म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. उलट मीच त्याला म्हटलं, जाऊ दे.

जाऊ दे कसं म्हणालो मी?

यल्वाला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल किंवा संतापेल, जाऊन त्याची कॉलर धरेल. तिच्यात ते आहे. पण ती कपबशा पुसत राहिली. एकच कप कितीतरी वेळ. म्हणाली, "इतकी वर्षं सांगतेय, तोंडानं बोलायला शीक."

२ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना सांगितलं. मग म्हणाले, "माझ्यामुळे लागली तुला ती सवय." हे एवढं लांब वाक्य. मला रडू आलं, त्यांना कळू दिलं नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

निरोप झाला. सामन्याआधी मधल्या वर्तुळात उभं केलं. फुलं, काचेची फुलदाणी, अध्यक्षांचं भाषण. त्यांनी माझं आडनाव चुकीचं घेतलं. दोन हजार लोक पावसात उभे राहून टाळ्या वाजवत होते. फुलं घ्यायला दोन्ही हात लागले, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

शेवटची सहा मिनिटं क्रिस्टरनं उतरवलं. एकच उंच चेंडू आला माझ्याकडे. मी उडी घेतली, तर अदमीरनंच मधे घुसून मारला. "माझा!" असं ओरडून. पाच वर्षांत त्यानं माझा एक हेडर कधी घेतला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "सवय करतोय." शेवटचा चेंडूही नाही मिळाला.

यल्वा स्टॅंडमध्ये तूवाला धरून ओक्साबोक्शी रडत होती. सामने कधी आवडले नाहीत तिला. तिला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर मीच तिची समजूत काढली.

१० नोव्हेंबर, मंगळवार

क्लबात हंसाचं जेवण, आजच्या दिवशी इकडे घरोघरी असतं तसं. माझ्या नावानं अदमीर उठला, पेला वर केला, म्हणाला, "मॅटिस आवडतो का?" आणि चाळीस जणांनी एकदम श्वास आत ओढला. श्शूप! मेणबत्त्या हलल्या. रिस्तोला काही कळेना, त्या बिचाऱ्यानं उशिरा एकट्यानंच ओढला. त्यावर सगळे आणखी हसले. मीही हसलो. हंस मात्र ताटातच राहिला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन! पलीकडच्या किनाऱ्यावरच्या क्लबाचा, तिसऱ्या विभागातला. त्यांना हवा एक म्हातारा स्टॉपर, पोरांना जागेवर उभं करणारा. एक वर्ष. गाडीनं तासाभराचा रस्ता. "येशील का?"

मी "हो!" असा ओरडलो की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. तोंडानं. श्वास बाहेर सोडून. तिकडचा माणूस म्हणाला, "अरे हळू, ऐकू येतंय मला."

आठवड्यानं सही. यल्वाला अजून सांगितलं नाही. कागद हातात घेऊनच सांगेन. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

कपाटाची किल्ली परत द्यायला गेलो. स्टाफानला सांगितलं, नवा क्लब मिळाला, आणि या वेळी मोठ्यानं बोललो. त्यानं कप खाली ठेवला. उठून दार लावलं.

म्हणाला, "तुझा हो मला ऐकू आला होता, मॅटिस. माझी बायको उमेओची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी यल्वा इथे आली. तासभर बसली या खुर्चीत. म्हणाली, तो घरी येताना गल्ली चुकतो. एका संध्याकाळी तीनदा विचारतो, तूवाच्या बाईंचं नाव काय. मी नको म्हटलं तर ऐकणार नाही, डॉक्टरशी खोटं बोलेल. तुलाच त्याचा हो कळला नाही, असं दाखव."

तिथून शाळेवर गेलो. तूवा फाटकाशी उभी होती, बाईंनी तिचा हात धरला होता. चांगल्या आहेत बाई, हिरवी टोपी घालतात. मला बघून त्यांनी हात केला, "नमस्कार मॅटिस" म्हणाल्या. मलाही त्यांचं नाव घेऊन नमस्कार करायचा होता.