हे मी समजू शकते

दि. ४ जून

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुझी नेहमीची तक्रार, की आत्या, तू माझं बोलणं पेशंटचं ऐकतात तसं ऐकतेस. खरं आहे. मनोरुग्णांच्या इस्पितळात इतकी वर्षं काढली की कानाला एक वळण लागतं. समोरचा बोलू लागला की मान आपोआप हलते आणि तोंडातून हं हं निघतं. कागदापुढे मान हलवून भागत नाही, काहीतरी लिहावंच लागतं. म्हणून हा उपाय.

बातमी अशी, की तुझी आत्या निवडणुकीला उभी आहे. हसू नकोस. आपल्या मनोरुग्णालय परिचारिका संघटनेची एक नामनिर्देशन समिती असते आणि तिच्यावर आपल्या विभागाची एक जागा असते. ही समिती नेमकं काय करते, ते मलाही अर्ज भरतानाच कळलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला कोणी उभं राहायचं, हे ती ठरवते. म्हणजे उभं कोण राहणार हे ठरवणाऱ्यांना निवडण्याची ही निवडणूक. तुझ्या बाबाला सांगितलं तर तो म्हणाला, याच्यापेक्षा तुझे पेशंट सरळ बोलतात.

पण मेख पुढे आहे. रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात दोन नर्स हव्यात, ही मागणी आत्ताच्या अध्यक्षबाई दरवर्षी सभेच्या शेवटी, चहाच्या बरोबर आधी घेतात. मग चहा येतो आणि मागणी थंड होते. समितीवर सगळी त्यांचीच माणसं, त्यामुळे दरवेळी नाव जातं ते त्यांचंच. नियम मात्र असा आहे, की समितीतल्या एकानेही दुसरं नाव सुचवलं तर ते मतपत्रिकेवर छापावंच लागतं. तेवढं एक माणूस मला व्हायचंय. तू तिकडे वॉर्डात रात्रभर एकटी असतेस, ते मला इथे टोचत राहतं.

माझ्याविरुद्ध हसरे आडनावाचे एक ब्रदर उभे आहेत. प्रशिक्षण विभागात बसून बसून ते वॉर्डाचा वाससुद्धा विसरले असतील. उमेदवाराने फोटोसह मनोगत द्यायचं होतं. त्यांच्या मनोगतात सक्षम, समावेशक, संवेदनशील, सगळे एका पंगतीला बसलेत. मी लिहिलं, रात्री वॉर्डात दोन नर्स हव्यात. कार्यालयातून निरोप आला की हे फार त्रोटक आहे, जरा दृष्टी दिसू द्या. मी कळवलं, दृष्टी फोटोत आहे, चष्म्यामागे.

वेळेवर जेवत जा. माया आहे तिथेच आहे, ती दरवेळी वेगळी लिहीत नाही.

तुझी,
आत्या


दि. १२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू उभी राहिलीस हे वाचून इतक्या दिवसांनी हसले. मत तुलाच. इतरांचंही सांगेन, पण इथे भेटतं कोण? माझी भेट होते ती फक्त संध्याकाळपाळीच्या बाईंशी, तीही चार्ज घेताना. त्यांचं बाळ अजून अंगावर पितं. मी एप्रन चढवेपर्यंत त्या चाव्यांचा जुडगा पुढे धरून उभ्या असतात. तुला तर माहीतच आहे, येणारीने चावी हातात घेतल्याशिवाय जाणारीला वॉर्ड सोडता येत नाही. एकदा मी चावी घेतली, की वॉर्ड माझा, पेशंट माझे, आणि जे काही होईल तेही माझंच. मावशी असतात मदतीला, पण त्यांना दोन वॉर्ड सांभाळायचे असतात.

आत्या, एक सांगायचं होतं. आईला कळवू नकोस. गेल्या आठवड्यात औषधाच्या खिडकीतून गोळ्या देताना एका पेशंटने माझी वेणी धरली. एरवी गरीब माणूस आहे, त्या दिवशी त्याच्या कानात कोणीतरी काहीतरी सांगत होतं. डोकं खिडकीच्या गजाला टेकेपर्यंत त्याने वेणी ओढली. शिकवलं होतं तसं मी हळू आवाजात बोलत राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. मग त्याला वेणीचा कंटाळा आला असावा. त्याचा राग नाही गं मला. पण हाक मारली तर येणारं कोणी नव्हतं, हे डोक्यातून जात नाही. केस कापून टाकलेत.

आता चार्ज घ्यायची वेळ झाली की एप्रन चढवायलाच मुद्दाम वेळ लावते. तुझी निवडणूक होईपर्यंत थांबते. पुढचं पुढे.

तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार.

तुझीच,
ठकी


दि. २० जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुला फार भीती वाटली असणार, हे मी समजू शकते. अशा वेळी असं वाटणं स्वाभाविक आहे. स्वतःला जप.

इकडे प्रचार जोरात आहे. सुट्टीच्या दिवशी एकेक इस्पितळ गाठते. गुडघे कुरकुरतात, पण मन उभारीत आहे. ठके, लोक इतकं ऐकून घेतात म्हणून सांगू! चहाच्या खोलीत बसले की कोणी मध्ये बोलत नाही, कोणी घड्याळाकडे बघत नाही. सगळ्या जणी जरा पुढे झुकून, डोळ्याला डोळा देऊन ऐकतात. एकीने तर माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीटनेटकं करून मला परत सांगितलं. दुसरी म्हणाली, तुमची तळमळ पोचतेय. परवा एका ब्रदरने न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. घरात माझं कोणी इतकं ऐकलं असतं तर नोकरी धरलीच नसती.

हसरे ब्रदर म्हणे आले की पाच मिनिटांत निघून जातात. बसतसुद्धा नाहीत. त्यांना काय लोक मत देणार! हा विभाग खिशात आहे असं धरून चाल. थोडी कळ काढ.

आशीर्वादांचा साठा मुबलक आहे, लागेल तसे घे.

तुझी,
आत्या


दि. २७ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमच्या भावाला पत्र लिहायला सांगितलं, तर पेन सापडत नाही म्हणाले. पेन त्यांच्या खिशाला होतं. म्हणून मीच लिहिते.

पोरगी दोन दिवस येऊन गेली. कमरेपर्यंतचे केस कापलेत. विचारलं तर म्हणते उकडतं. वन्सं, मी नर्स नसले तरी आई आहे. जेवताना दाराकडे तोंड करून बसते, आणि मागून भांडं वाजलं की दचकते. तुम्हाला सगळं ठाऊक असणार आणि मला सांगू नका असंही बजावलेलं असणार. नका सांगू.

तिच्या मामाने विमा कंपनीत तिच्यासाठी जागा बघितली आहे. दिवसा दहा ते सहा, इस्पितळांची बिलं तपासायची. पगार थोडा कमीच, पण बिलं कोणाचे केस ओढत नाहीत. पोरगी म्हणते आत्याला विचारते. आजवर या घरात पोरगी माझी आणि सल्ला तुमचा असंच चालत आलंय, त्याची सवय झाली. पण एक विनंती आहे. मागच्या वेळी मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, वहिनी, तुमची काळजी मी समजू शकते. अहो, समजणाऱ्यांनी घर भरलंय माझं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.

निवडणुकीला यश चिंतिते. मध्येच कुठे गुडघा धरला तर वाटेत हे घर आहे, हे विसरू नये.

आपली,
वहिनी


दि. ३ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मत टाकलं. संध्याकाळच्या बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्याबद्दल तुम्हाला किती वाटतं ते दिसतं.

आत्या, तुझ्या मागच्या पत्रातलं दुसरंच वाक्य मी तीनदा वाचलं. ते वाक्य मलाही येतं. रोज वापरते. पेशंट म्हणतो, भिंतीतून मला कोणीतरी बघतंय. त्याला खोटं पाडायचं नाही आणि हो ला हो ही करायचं नाही, म्हणून आपण म्हणतो, तुम्हाला असं वाटतंय हे मी समजू शकते. मी भिंतीतलं काही सांगत नव्हते गं. माझी वेणी खरीच होती.

मामाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. नोकरी सोडू का? हो की नाही, एवढंच लिही. पत्र छोटं झालं तरी चालेल.

ठकी


दि. १५ जुलै

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पडले. सपशेल. मला पडलेली मतं हातांच्या बोटांवर मावतात आणि त्यातलं एक बोट तुझं, एक माझं. उरलेली कोणाची ते शोधायचा उत्साह नाही.

पाण्याचा पेला देणारे ते ब्रदर निकालाच्या दिवशी जिन्यात भेटले. मी विचारलं, अहो, तुम्ही तर माझ्या बाजूचे होतात ना? बिचारे गोंधळले. म्हणाले, सिस्टर, मी हो कधी म्हणालो होतो? तुमचं म्हणणं समजलं एवढंच म्हणालो होतो. आणि हसरे ब्रदरना मत का दिलंत, तर म्हणे त्यांनी विचारलं. उभ्या उभ्या विचारलं, मत देणार की नाही, आणि हो वदवून घेऊनच ते पायरी उतरले. वॉर्ड सुटल्याला इतकी वर्षं झाली, की माणूस ऐकून घ्यायचं विसरला, आणि त्यामुळेच निवडून आला.

मी जिन्यातच बसले. गुडघ्यांनाही तेवढंच निमित्त हवं होतं. ठके, जन्मभर मी लोकांना ज्या वाक्याने शांत बसवलं, त्याच वाक्याने लोकांनी मला महिनाभर शांत ठेवलं. खोटं पाडलं नाही, हो ला हो केलं नाही. आणि मी मात्र सांगून सुटलेल्या पेशंटासारखी हलकी होऊन घरी यायचे. फसवलं कोणीच नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं.

मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि त्या वाक्यापाशी आले तेव्हा चष्मा काढून ठेवला.

आता तुझं उत्तर. नाही. नोकरी सोडू नकोस. चावी घेऊ नकोस.

वेळेवर जा, एप्रन चढव, हात खिशात घाल. बाईंनी जुडगा पुढे केला की सांग, दुसरी नर्स आली की घेते. कारणं देऊ नकोस, आवाज चढवू नकोस. तू वॉर्डातच आहेस, काम करायला तयार आहेस. फक्त वॉर्ड एकटीच्या अंगावर घेत नाहीस. तू चावी घेईपर्यंत बाई जाऊ शकत नाहीत, म्हणजे वॉर्डात दोघी झाल्या. संघटनेला हे इतकी वर्षं जमलं नाही.

बाईंचे मात्र हाल होतील. त्यांना आधी कल्पना दे. आणि जमत नसेल तर मला न विचारता विमा कंपनीत जा. मी रुसणार नाही.

थकले आहे. माया तशीच आहे, फक्त आज जरा बसून आहे.

तुझी,
आत्या


दि. २४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नाही घेतली.

बाईंना आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, की उद्यापासून एकटीने चावी घेणार नाही. त्या म्हणाल्या, कंटाळा येतोच हो, समजतं मला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी हात खिशात घातले तेव्हा त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग त्या रडल्या, मग मला नाही नाही ते बोलल्या. मी आतल्या आत भिजलेल्या कापडासारखी झाले होते. चावी घेऊन टाकावी असं तीनदा मनात आलं. मेट्रन घरून आल्या. आधी धाकदपटशा, मग मला बाळा बाळा करणं, मग माझ्या पदवीचं कौतुक. मी म्हटलं, दुसरी नर्स आली की घेते. यापलीकडचं काही तू शिकवलं नव्हतंस, म्हणून तेवढंच म्हणत राहिले.

बाई थांबल्या. त्यांचा नवरा बाळाला फाटकाशी घेऊन आला, त्यांनी पहारेकऱ्याच्या खोलीत बसून पाजलं आणि परत आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. गोळ्या दोघींनी मिळून वाटल्या. ज्याने वेणी धरली होती त्याने विचारलं, केस विकले का, कितीला गेले. मी किती दिवसांनी हसले आत्या, माझ्या पाठीशी कोणीतरी उभं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागातली एक नर्स दारात उभी. तात्पुरती व्यवस्था, असं मेट्रननी दोनदा बजावलं. चावी मी घेतली, पण बाईंनी ती माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. अजून बोलत नाहीत.

मामाला नकार कळवलाय. आई म्हणाली, चला, या घरात कोणीतरी नाही म्हणालं.

आणि काल नोटीस आली. माझ्या वर्तनाने शिस्त बिघडली आणि प्रशासनाचा विश्वास दुखावला, तर कारवाई का करू नये. उत्तर पंधरा दिवसांत मागितलंय. काय लिहू?

तुझीच,
ठकी


दि. ३० जुलै

चि. ठकीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तात्पुरती या शब्दाला घाबरू नकोस. माझी पहिली नेमणूकही तात्पुरतीच होती, आता निवृत्ती जवळ आली.

बाईंकडे जा. घरी जा, फाटकाशी नको. बाळाला घे आणि बाईंना दोन तास झोपू दे. तिथे आपलं ते वाक्य चुकूनही काढू नकोस. तुझे हाल माझ्यामुळे झाले, एवढं सरळ म्हण.

माझ्या वॉर्डात आळीपाळीने एकटीने रात्रपाळी करणाऱ्या तिघी आहेत. त्यांना काल तुझं पत्र वाचून दाखवलं. तिघींनी पुढे झुकून, माना हलवून ऐकलं. मला घामच फुटला. मग मी हसरे ब्रदरसारखी दारात उभी राहिले आणि विचारलं, चावी घेणार की नाही. दोघी म्हणाल्या, नाही घेणार. एक म्हणाली, मी घेणार, घरचे हप्ते आहेत. तिचंही उत्तर मला आवडलं, कारण ते उत्तर होतं. परवापासून सुरुवात. तुझी निम्मी नोटीस माझ्या नावावर येईलच, तेव्हा एकटी आहेस असं समजू नकोस.

आता नोटिशीचं उत्तर. वाद घालू नकोस, कबूलही करू नकोस. हे शिक्षण आपल्याला सरकारी खर्चाने मिळालं आहे. माननीय अधीक्षक, आपली नोटीस मिळाली, असं वर लिही. त्याखाली एकच ओळ, की आपणांस असं वाटत आहे, हे मी समजू शकते.

आणि सही कर.

तुझी,
आत्या