कळमेश्वरचा शनिवारचा वर्ग

सर,

कळमेश्वरचा वर्ग संचालक मंडळानं बंद करायला लावला. हे ज्याला सांगावं असं कोणी आता सेमिनरीत उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर जे जे बसले ते सगळे प्रभारीच होते, आणि आता मीही प्रभारी प्राचार्यच आहे. सह्या माझ्या, निर्णय मंडळाचे. तुम्ही होता तोवर सगळ्या किल्ल्या तुमच्या खिशात असायच्या आणि आम्हाला त्याचं बरंच वाटायचं. तुमच्यामागे कोण, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही. त्याचा राग मला आता येतो आहे, आणि तो ऐकून घ्यायला तुम्ही हयात नाही याचा आणखी येतो.

वसतिगृहाचा वरचा मजला बंद ठेवावा लागला. घरदार सोडून काही वर्षं इथं राहून चर्चचे पाळक व्हायला येणारी मुलं कमी झाली. जी येतात त्यांतल्या काहींचा डोळा पहिल्या दिवसापासून दुसऱ्या नोकरीवर असतो. आणि तिकडे कळमेश्वर, सावनेर, मौद्याकडे घराघरांत प्रार्थनेला लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या भरतात. त्या चालवणारी माणसं आठवडाभर कारखान्यात नाहीतर खाणीत राबतात आणि रविवारी लोकांपुढे उभी राहतात. त्यांना कोणी काही शिकवलेलं नाही. ती इथं येऊ शकत नाहीत तर आपण तिकडे जाऊ, एवढंच माझं म्हणणं. शनिवारी दुपारी, मराठीतून, बायबलच्या मूळ ग्रीक-हिब्रूचा आग्रह न धरता. मंडळापुढे मांडलं की पुढच्या बैठकीत बघू म्हणायचे. शेवटी मीच एका शनिवारी सेमिनरीची गाडी काढली आणि गेले.

एमआयडीसीच्या मागं एका मंडळीचा पत्र्याचा हॉल आहे, तिथं आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी मी बायबलमधल्या जुन्या कराराची ओळख करून देत होते, तेव्हा पुढं बसलेली एक बाई उठली. ती पॅकिंगच्या कामाला जाते आणि तिच्या वस्तीतली प्रार्थना तीच चालवते. म्हणाली, "मॅडम, आमच्या मंडळीतल्या एका पोरीचं लेकरू गेलं. माह्या पापामुळं गेलं का, असं ते मले विचारून राहिली. मी काय सांगू तिले?"

मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक शनिवार आम्ही ईयोब वाचला, काही दोष नसताना सगळी लेकरं गमावलेल्या माणसाची गोष्ट. त्याचे मित्र नुसते जवळ बसले होते तोवर ठीक होतं, कारणं सांगायला लागले आणि बिघडलं, यावर हॉलमध्ये खूप वेळ बोलणं चाललं. मग ती बाई मला त्या पोरीच्या घरी घेऊन गेली. पोरीनं चहा केला. तुझ्या पापामुळं नाही, एवढं एकच वाक्य मी बोलले. बाकी वेळ आम्ही तिघी बसून होतो. नंतरच्या रविवारी ती प्रार्थनेला आली आणि दाराशी बसली, असं मला वर्गात कळलं. सर, इतकी वर्षं शिकवते आहे, पण आपण शिकवतो ते कुठंतरी पोचलं असं मला त्या दिवशी वाटलं.

आणि हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. मी विद्यार्थिनी होते, रविवारी दुपारी तुमच्या घरी मटण शिजतंय, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलताय आणि मी माझा पहिला सरावाचा उपदेश वाचून दाखवते आहे. वर्गात तुम्ही शुद्ध बोलायचा, घरात नाही. मधेच मला थांबवून म्हणालात, "कोणाले सांगून राहिली वं तू हे? पुस्तकाले का माणसाले?" मी रडकुंडीला आले होते. आणि पुढं लेक्चरर झाल्यावर गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर उपदेश होतात, त्यांतलं तहानेचं वचन तुम्ही मला बोलायला दिलंत. आपल्या चॅपलमध्ये त्या दिवशी तोवर एकही बाई बोलली नव्हती. कोणाला न विचारता दिलंत. त्याहून मोठं काही मला कोणी दिलेलं नाही.

पण बायकांसाठी मराठी वर्ग काढू या, असं विचारायला मी तुमच्या ऑफिसात आले, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आपल्या पोरांना लोक आधीच कमी लेखतात, आधी पदवी टिकवू, मग बाकीचं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही कोणत्या वस्तीतून आला होतात ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले. ते बाकीचं तुमच्या काळात झालंच नाही. आता मंडळ तुमचंच नाव पुढं करतं. सरांनी कमावलेला दर्जा असा शनिवारी वाटत फिरायचा का, असं एका सभासदानं मला भर बैठकीत विचारलं. मी त्या पोरीची गोष्ट सांगितली. मग खजिनदारांनी विचारलं, गाडी कोणाच्या परवानगीनं नेली? आणि पुढचा विषय कंपाउंडच्या भिंतीचा निघाला. त्यावर मात्र चहा येईपर्यंत चर्चा झाली.

वर्ग बंद झाल्याचं सांगायला मी कळमेश्वरला गेले. मंडळाची अडचण समजावून सांगत होते, म्हणजे माझी कातडी वाचवत होते. ती बाई शांतपणे म्हणाली, "बंदच करायचं होतं त सुरू काहून केलं मॅडम?"

पुढच्या शनिवारी मी एसटीनं गेले. सेमिनरीचं नाव नाही, गाडी नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही हे उभं राहून सांगितलं. काही जण त्यानंतर आले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. ती बाई येते. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मंडळाला कळलंय. खुलासा मागतील, कदाचित खुर्चीही जाईल. मी जात राहणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. आज तुम्ही असता तर तुम्हीही मला नाहीच म्हणाला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी एसटीत बसण्याआधी दर वेळी वाटतं, एकदा तुम्हाला विचारून यावं.