कच्चे रोडगे आणि वाकडे क्रेट

माय, काल आपल्या घरी जेवाले सगळ्यात आधी कोण आलं असंल सांग? तोच! नातीच्या शिफ्टमधला म्हातारा ऑपरेटर, जो तिच्याशी धड बोलत नव्हता. हातात मेथीची जुडी, म्हणे, "मावशी, घरच्या वाफ्यातली आहे." मी तं पाहातच राह्यली.

तुले सांगाचंच राह्यलं. तुही पणती अकोल्याले प्लास्टिकच्या कारखान्यात शिफ्टची मुख्य आहे. दाणे वितळवून साच्यात दाबतात, अन् संत्र्याचे क्रेट निघतात. आपण बांबूच्या टोपल्यात गवत घालून भरत होतो, तसं नाही बाप्पा! साचा थंड झाल्यावरच उघडाचा असते. या भाऊनं घाईनं उघडला, क्रेट वाकडेतिकडे निघाले. मालक ओरडत आला, "कोणाची चूक?" पोरगी म्हणे, "शिफ्ट माही, चूक माही." पोरीनं त्याची चूक पदरात घेतली, याचीच त्याले लाज वाटली. दुसऱ्या शिफ्टमध्ये जातो म्हणे. तो गेला असता तं बाकीचेही गेले असते, अन् मालक तिले खाली उतरवाले टपूनच होता. म्हणून तिनं सगळ्यांले अमरावतीले माह्या घरी, निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे खायले बोलावलं.

मले मोर्शीचा बगीचा आठवला. व्यापारी नासकं संत्र नाचवून राह्यला आहे, बायांच्या माना खाली आहेत, अन् तू, टोळीची मुकादमीण, कमरेले पदर खोचून म्हणतेस, "टोळी माही, बोल मले." हे मी पोरीले कधी सांगतलं नाही. कुठून आलं तिच्यात?

रोडग्याचंही तूच शिकवलं होतंस. मी निखारे उकरले की रागवाचीस, "त्याच्या मनानं काढाचा, आपल्या नाही!" पण काल आनंदात मी लवकरच काढले. त्या भाऊनं पहिलाच फोडला, आत कच्ची कणीक! "मावशी, साचा लवकर उघडला वाटते!"

पोरगी वरणाचं भांडं घेऊन उभी. "चूल माही, चूक माही, काका."

तो एवढा हसला की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणे, "मॅडम, मी कुठी जात नाही. टाका पुन्हा निखाऱ्यात, आमी थांबतो." अन् थांबले ना वो सारे, शेकोटीभोवती गप्पा हाणत!

येत्या ऐतवारी पुन्हा येतो म्हणून गेले. हे पत्र टाकू कुठी? तू तं आता नाहीस, डब्यातच ठेवते. खरं सांगू, माय? कच्चे आहेत हे मले वाढतानाच माहीत होतं. धीरच नव्हता.