हलका हात

२ नोव्हेंबर २०२१

पोचलो बाई एकदाचे. लॉरीत खजुराच्या पोत्यांवर बसून माझं कंबरडं मोडलं, पण माझी लेक तयसीर सगळी वाट गात होती. सात वर्षांची कार्टी, दमत कशी नाही कोण जाणे. घर झकास आहे. अंगणात कडुलिंब, भिंतीपलीकडे नाईल. पुढच्या खोलीत माझं टेबल, हत्यारं उकळायचं भांडं आणि सुईणीची पत्र्याची पेटी मांडली. शेजारच्या अवदिया आजीने किस्राच्या पातळ भाकऱ्या आणि सुक्या भेंडीचं कालवण पाठवलं. संध्याकाळी बायका मला बघायला आल्या. आधीच्या सुईणीचा हात फार जड होता म्हणे. माझा हलका आहे, मी सांगून टाकलं. आपली तारीफ आपण नाही करायची तर कुणी?

९ नोव्हेंबर

पहिलं बाळंतपण सुखरूप झालं. कॉफी पाजता पाजता आजीने विषय काढलाच. तिच्या नातीची, इश्राकाची, सुंता करायची आहे. मी म्हटलं, आता बंदीचा कायदा आहे, शिवाय सुईणीच्या शाळेत कुराणावर हात ठेवून हे करणार नाही अशी शपथ घेतलीय. आजी हसली. कायदा खार्टूमला राहतो, म्हणाली. तू नाही म्हणालीस तर पलीकडच्या गावच्या म्हातारीला बोलावते, तिच्याकडे ते जुनं पातं अजून आहे.

मग वाटलं, त्यापेक्षा मी बरी. भुलीचं इंजेक्शन, उकळलेली हत्यारं, आणि अगदी थोडंसंच. पोरीला कळणारही नाही.

तयसीरचं झालं ना, असं आजीने जाता जाता विचारलं. मी झालं म्हणाले. धडधडीत खोटं. माझ्या लेकीला मी कुणालाही हात लावू देणार नाही. माझ्या वेळचं मला सगळं आठवतं.

१४ नोव्हेंबर

आज केलं. इश्राकाला नवरीसारखी नटवली होती. हातापायांना मेंदी, मनगटाला लाल रेशमी दोरा. तयसीर दोऱ्यासाठी हटून बसली. आधी नदीवर नेऊन पोरीचं तोंड धुवायचा रिवाज आहे. मी नदी नको म्हटलं, गढूळ पाण्याने जखम चिघळते. आजी कुरकुरली, पण शिकलेल्या बाईचं तिने ऐकलं.

पोर आपणहून टेबलावर चढली. म्हणाली, "मावशी, तुझा हात हलका आहे ना?"

हो म्हटलं. तिने हूं की चूं केलं नाही. मला त्याचाच अभिमान वाटला.

१५ नोव्हेंबर

इश्राका सकाळी गेली. रक्त थांबलंच नाही. मी बोळे दाबत बसले. इस्पितळ नदीपलीकडे, होडी काठालाच होती. आजीने विचारलं, नेऊ का? मी म्हटलं, थांबेल. तिथे विचारलं असतं, हे कुणी केलं म्हणून.

१७ नोव्हेंबर

आजीला भेटायला गेले. आजीने मला छातीशी धरलं.

"तुझा काय दोष, पोरी? नदी करायची राहिली ना."

सगळं गाव तेच म्हणतंय. नदीने आपली नवरी ओढून नेली. मला एक शिवी नाही. कुणीतरी एक थोबाडीत मारायला हवी होती. उलट एका बाईने आपल्या मुलीसाठी दिवस मागितला. या खेपेला आधी नदीवर नेऊ, म्हणाली.

२० नोव्हेंबर

सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. पेटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात. अंगणात ओली पावलं उमटलीत, लहान मुलीची, वाळल्यावर मेंदीचा रंग राहतो. तयसीर म्हणते, मैत्रीण खेळायला येते. नाव विचारायचा धीर झाला नाही.

२२ नोव्हेंबर

तयसीरच्या मनगटाला लाल दोरा. कापून चुलीत टाकला. जेवायला बसलो तर पुन्हा — ओला. कुणी बांधला? इश्राकाने, म्हणाली. ती सांगते, तुझी आई मुळीच दुखू देत नाही.

२३ नोव्हेंबर

लॉरीवाल्याशी बोलले. उद्या दुपारी निघायचं. आजीला खरं सांगितलं — की नदी नव्हती, मी होते. होडी होती आणि मी नेऊ दिलं नाही. आजी म्हणाली, असं बोलू नये. लोक काय म्हणतील.

२४ नोव्हेंबर

सामान दारात. लॉरी आली नाही. भांडं उकळतंय — मी चूल पेटवली नाही. पेटी उघडी. किल्ली माझ्या गळ्यातच आहे.

तयसीर टेबलावर झोपलीय. मेंदी. केस ओले. म्हणते, या खेपेला नदी झाली, आई —

उठ म्हटलं. उठत नाही. आजीला हाका मारल्या. आली, बघितलं, खुदकन हसली. म्हणजे खोटं बोलली होतीस तर, म्हणाली. बरं झालं, उरकून टाक. दार बाहेरून ओढून घेतलं —

उजवा हात साबणाने धुतला जातोय. मी धूत नाहीये. हे डाव्याने लिहितेय — भांड्यात गेला, पोळत नाही —

तयसीर विचारते, आई, तुझा हात हलका आहे ना?

नाही, बाळा. जड आहे. फार जड आहे, ओरड तू, ओरड — पण तो इतक्या हलकेच